बाबांच्या कानातला वॉकमन

आमच्या घरात बाबांना जेवायला बोलवायचं म्हणजे समोरच्या खोलीची बत्ती बंद-चालू करायची. बटण स्वयंपाकघराच्या दाराशीच होतं. आईचे हात पिठाचे असले की ती ते कोपरानं दाबायची. बाबा वर्तमानपत्राची घडी करायचे, चष्मा काढायचे आणि पाटावर येऊन बसायचे. दिवसाउजेडी बत्तीचा उपयोग नसे, तेव्हा मी जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावायची. लहानपणापासून त्यांचे कान वाहायचे. भंडाऱ्याकडच्या त्यांच्या गावातल्या तळ्यात डुंबून डुंबून ते वाहू लागले आणि औषधपाण्याची ओळख व्हायच्या आत अर्धेअधिक निकामीही झाले, असं ते स्वतःच सांगत. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर ऐकू येई, पण आपल्या माणसावर रोज ओरडणार किती? म्हणून ते ओठ बघायचे. समोरचा बोलू लागला की बाबा सगळं सोडून त्याच्या तोंडाकडे बघत. पोलाद कारखान्याच्या, म्हणजे प्लांटच्या, स्टोअरमध्ये ते कारकून होते, तिथं काम लिखापढीचं, त्यामुळे निभावलं.

प्लांटच्या वसाहतीतलं, सेक्टर पाचमधलं आमचं क्वार्टर लहान होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे अंगण आणि अंगणात मुनग्याचं झाड. शेवग्याला आम्ही अजूनही मुनगाच म्हणतो. पहाटे प्लांटचा भोंगा, मग सायकलींच्या घंट्या, दूर कुठंतरी मालडब्यांची धडकाधडकी, आणि या सगळ्यावर दिवसभर आईचं बोलणं. आई एकटीच बोलायची. लाखोळीच्या डाळीशी बोलायची, नळाला पाणी आलं नाही तर नळाशी, दूध सांडलं तर मांजरीशी. मधेच गावाकडची एखादी ओवी गुणगुणायची आणि अर्ध्यावर सोडून पुन्हा डाळीला लागायची. बाबा चार हातांवर बसलेले असत आणि ती त्यांच्याबद्दलही बोले. "ह्या माणसाले मीठ कमी झालं तरी समजत नाई. देवळातल्या नंदीले वाढलं तरी तो मुंडी हालवते." मी हसायची. बाबा मला हसताना बघून स्वतःही हसत, आणि तेव्हा मला त्यात काही वावगं वाटत नसे. एखाद्याच्या तोंडावर त्याच्या पाठीमागचं बोलायची सवय आमच्या घराला अशी लागली होती.

कानाला लावायची एक पेटी बाबांनी मी लहान असताना घेतली होती. काडेपेटीहून जरा मोठी, खिशाला अडकवायची, आणि तिच्यातून कातडीच्या रंगाची वायर निघून कानात जायची. ती मधेच शिट्टी घालायची. पण खरी अडचण शिट्टीची नव्हती. ती पेटी लावून बाबा बाजारात गेले की दुकानदार त्यांच्याशी बोलायचं सोडून आईशी बोलत. हातानं खुणा करत. भाव विचारला तर बोटं वर करून दाखवत. बाबांनी थोडे दिवस सोसलं आणि मग ती पेटी त्यांना घरातही नकोशी झाली आणि कपाटात, हिवाळ्याच्या कपड्यांखाली गेली.

मी अकरावीत गेले त्या वर्षी मावशीनं मला वॉकमन दिला. आईची ही थोरली बहीण दुर्गला पद्मनाभपुरात राहायची. तिचे यजमान मस्कतला होते, आणि तिच्या घरी अत्तरापासून मिक्सरपर्यंत सगळं तिकडचं असे. मावशी दर रविवारी टेम्पोत बसून आमच्याकडे यायची आणि येताना आईसाठी थोडी कीव घेऊन यायची. वॉकमन काळा होता, हातात जड लागायचा. डोक्यावरून जाणारी पट्टी, कानांवर केशरी स्पंज, झाकणाला छोटी काच, आणि आवाज भरायचं एक लाल बटण. आमच्या रांगेत तसला दुसरा नव्हता. मैत्रिणी नंबर लावून ऐकायला यायच्या.

एकदा संध्याकाळी बाबांनी तो मागितला. नुसतं बघायला. मी गंमत म्हणून त्यांच्या डोक्यावर चढवला आणि आवाज पूर्ण वर नेला. बाबा एकदम ताठ झाले. मग त्यांनी दोन्ही हात स्पंजवर दाबून धरले आणि तसेच उभे राहिले. गाणं संपलं, कॅसेटची बाजू संपली, खटका पडला, तरी त्यांचे हात खाली आले नाहीत. "बाईच्या गाण्यात मागं बासरी आहे," ते म्हणाले. "रेडिओवर मले हे कधी समजलं नाई."

त्यानंतर वॉकमन अर्धा त्यांचा झाला. ऑफिसातून आले की पट्ट्याला अडकवून सिव्हिक सेंटरपर्यंत चक्कर मारायचे, आणि जी माणसं कानातली पेटी पाहून खुणा करायची तीच माणसं थांबवून विचारायची, बोरकर बाबू, कुठून आणला? तशीच पेटी, तशीच वायर. एक लावली की माणूस बहिरा, दुसरी लावली की शौकीन. आज नेहरू नगरातल्या माझ्या घरासमोरून कोचिंग क्लासची पोरं जातात, एकाचाही कान मोकळा नसतो आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. मोबाइल आला तेव्हा लोक म्हणाले, केवढी नवी गोष्ट. मला ती तितकी नवी वाटली नाही. खिशात यंत्र ठेवून फिरायचं, कानात वायर घालायची आणि चारचौघांत बसून त्यांच्यात नसायचं, हे वॉकमननं आम्हाला आधीच शिकवून ठेवलं होतं. मधे सीडीचा तबकडीएवढा डबा आला, मग बोटाएवढा गाण्यांचा प्लेअर आला. फोन आला तो या तयार झालेल्या खिशात येऊन बसला, आणि गाणी, रेडिओ, रेकॉर्डर सगळ्यांना त्यानं पोटात घेतलं.

लाल बटणाची करामत मला चुकून सापडली. रिकामी कॅसेट घालून लाल बटण दाबायचं आणि लगेच विरामाचंही दाबायचं. टेप फिरत नाही, पण वॉकमनचा छोटा माईक जागा राहतो आणि भोवतीचं सगळं मोठं होऊन कानात येतं. मी ते बाबांना लावून दिलं आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, पाठ करून, हळूच म्हटलं, "बाबा, उद्या मुनग्याचं वरण करायला सांगू?"

"सांग," बाबा म्हणाले.

मी वळून पाहिलं तर त्यांचा चेहरा कसनुसा झाला होता. जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्याशी पाठमोरी बोलले होते. आईला धावत जाऊन सांगावं म्हणून मी निघाले तर त्यांनी माझा हात धरला. "थांब. दिवाळीले सांगू." दिवाळीला अवकाश होता. मला ते आमच्या दोघांचं गुपित वाटलं आणि गुपित मला आवडायचं. मग रोज संध्याकाळी बाबा केशरी स्पंज लावून स्वयंपाकघरासमोरच्या तखतावर बसू लागले. आई म्हणायची, ह्या माणसाले गाण्याचं वेड लागलं बापा. बाबा डोळे मिटून ऐकत. काचेतून पाहिलं तर टेप जागची हलत नसे. ते काय ऐकत होते ते फक्त मला ठाऊक होतं: फोडणी, बांगड्या, अर्धवट ओवी, आणि आईनं लाखोळीच्या डाळीला दिलेल्या शिव्या. नंदीची गोष्ट निघाली तेव्हा ते ओठ दाबून हसले आणि मीही हसले.

मग तो रविवार आला. मावशी आली होती. आईनं वडा-भात केला होता, जेवणं झाली होती, दोघी बहिणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून मुनग्याचा पाला निवडत होत्या. बाबा नेहमीसारखे तखतावर, डोक्यावर वॉकमन, डोळे मिटलेले. मी ताटं घासून आत आणत होते. मावशी मस्कतचं काही सांगत होती आणि सांगता सांगता तिचं नेहमीचं वाक्य आलं, तुझं नशीबच फुटकं, पोराला ऐकू येत नाही हे त्या लोकांनी लपवलं आणि त्याला तुझ्या पदरात टाकलं. हे ती दर दोन-चार महिन्यांनी म्हणायची. आई एरवी "हो ना वो ताई" म्हणून विषय सोडून द्यायची. त्या दिवशी तिला काय झालं कोण जाणे.

"फसवलंच त्याईनं मले," आई म्हणाली. "सांगतलं असतं तं मी कायले आली असती या घरी? इतकी वर्सं झाली ताई, मी भिंतीशी बोलून राहिली."

मी वॉकमनकडे पाहिलं. लाल दिवा लागलेला होता, टेप थांबलेली होती. बाबांचे डोळे उघडले नाहीत. बत्तीचं बटण माझ्या हाताशी होतं. मी ताटं जोरात आपटू शकले असते, आईला हाक मारू शकले असते. मी काहीच केलं नाही. आई पुढं काय म्हणते ते मलाही ऐकायचं होतं. आणि आई बोलत राहिली. लग्नात मांडवातल्या बायका कशा कुजबुजल्या, पहिल्या बाळंतपणात कळा सुरू झाल्या तेव्हा ती शेजारच्या खोलीतून हाका मारत राहिली आणि हा माणूस झोपलेला, शेवटी शेजारची छत्तीसगढी बाई धावून आली. माझ्याआधी एक बाळ झालं होतं आणि ते राहिलं नाही, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी स्वतःला पहिली समजत होते.

मावशी निघाली तेव्हा बाबा उठले, फाटकापर्यंत गेले, टेम्पो येईतो उभे राहिले. परत येऊन त्यांनी वॉकमनची वायर नीट गुंडाळली आणि तो माझ्या हातात दिला. "हे तुयं आहे, पोरी. ठेव तुयापाशी." मी घेतला. आणि आज लिहितानाही लाज वाटते, पण तो परत मिळाला याचा मला त्या क्षणी आनंद झाला. मी तो घेऊन मागच्या अंगणात गेले आणि गाणी ऐकत बसले.

बाबा रागावले नाहीत. त्यांनी फक्त बघणं सोडलं. आई समोर येऊन बोलायला लागली की ते ताटाकडे बघत, चपलांकडे बघत, वर्तमानपत्राकडे बघत. आमच्या घरात याचा अर्थ कान बंद केले असा व्हायचा. आईच्या ते दोन-तीन दिवसांत ध्यानात आलं. तिनं अंगणात धुणं वाळत घालताना मला विचारलं, "कावून रागावले वो तुये बाबा? अन् तुयं यंत्रबी कावून वापस देल्लं?"

मला तोंडानं सांगता येईना. मी वॉकमन आणला, तिच्या ओल्या केसांवरून पट्टी चढवली, दोन्ही बटणं दाबली आणि वॉकमन तिच्या हातात ठेवून अंगणाच्या टोकाशी गेले. तिथून पाठमोरी, अगदी हळू म्हटलं, "आई, हे असं ऐकू येते."

तिनं पट्टी लगेच काढली नाही. ती तशीच उभी राहिली, आत चुलीवरचा भात रटरटत होता तोही तिला ऐकू येत असणार. मग ती धुण्याच्या दगडावर बसली. "रविवारीबी असंच होतं?" तिनं विचारलं. मी मान हलवली. "अन् तुले मालूम होतं?" मी पुन्हा मान हलवली. आईनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं पट्टी काढून माझ्या हातात दिली, हात पुसले आणि आत गेली.

त्यानंतर आमचं घर गप्प झालं. इतकं गप्प की भोंगा वाजला की दचकायला व्हायचं. डाळ मुकाट्यानं शिजायची. नळाला पाणी येवो न येवो, आई हंडा ठेवून उभी राहायची. तिनं बाबांच्या आवडीचं करायचा सपाटा लावला, पाटवडीचा रस्सा, सांबारवडी, भरल्या मिरच्या. बत्ती बंद-चालू करणंही तिनं सोडलं. स्वतः येऊन उभी राहायची आणि तिथं आल्यावर हात लावायचा की नाही हे तिला ठरवता यायचं नाही. बाबा मान खाली घालून जेवत आणि दुप्पट जेवत. दोघंही एकमेकांचे देणेकरी असल्यासारखे वागत होते, आणि मधे मी, जिनं ते बटण शोधून काढलं होतं. मी वॉकमन ट्रंकेत टाकला. काढायची हिंमत होईना.

शेवटी बाबांनीच कोंडी फोडली. सुट्टीची सकाळ होती. आई चुलीपुढं बसून तांदळाचे चिले, म्हणजे धिरडी, काढत होती. बाबांनी कपाट उघडलं, हिवाळ्याचे कपडे खाली काढले आणि ती जुनी पेटी काढली. आदल्या दिवशी त्यांनी तिच्यासाठी नवा सेल आणून ठेवला होता. पेटी बनियनला अडकली नाही म्हणून त्यांनी आधी शर्ट घातला, खिशाला ती लावली, वायरीच्या टोकाचा गोळा कानात बसवला आणि चुलीपुढं आईच्या समोर पाट टाकून बसले. मी दारात होते. मला जा म्हणाले नाहीत.

"बोल आता," ते म्हणाले. "भिंत ऐकून राहिली."

आईच्या हातातलं उलथणं थांबलं. चिला करपायला लागला तसा बाबांनी तो स्वतः काढून ताटात ठेवला. मग तेच बोलू लागले. ते फार बोलणारे नव्हते, आणि स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नसल्यानं त्यांचं बोलणं नेहमीच जरा मोठं यायचं. शेजारी ऐकत असतील असं मला वाटलं. ते म्हणाले, ज्या दिवशी गोंदियाला तुला पाहायला आलो त्या दिवशी तुझ्या वडिलांचा एकही प्रश्न मला ऐकू आला नव्हता. माझे काका शेजारी बसून उत्तरं देत गेले आणि मी मान हलवत गेलो. "मले सांगाचं होतं. पाय धुवाले बाहेर गेलो तवाही वाटलं, आता सांगावं. नाई सांगतलं. मंग लग्न झालं, मंग ते लेकरू गेलं. मंग कोणत्या तोंडानं सांगू?"

आई त्यांच्याकडे बघत होती. मग म्हणाली, "मले मालूम होतं."

बाबांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्यांनी पेटीचं चाक फिरवलं, तर तिनं कर्कश शिट्टी घातली. शिट्टी थांबेपर्यंत दोघंही थांबले.

"त्या दिवशी तुमच्या मांगं पाण्याचा गुंड पडला होता," आई म्हणाली. "पितळीचा. माया हातातून पडला. सगळे दचकले, माये बाबा उठून उभे राहिले. तुमी नाई हालले. तवाच समजलं मले."

"मंग हो कावून म्हणलं?"

"तुमी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत होते," आई म्हणाली. "आमच्या घरी कोणी कोणाकडे पाहून बोलत नव्हतं. मले वाटलं, हा माणूस पाहते तरी." मग ती पुढं म्हणाली, "ताई बिचारी म्हणते नं मले. ते मले गोड लागत होतं. तिच्या घरी सगळं आहे, मायापाशी तेवढंच होतं. म्हणून मी फसवलं फसवलं म्हणत गेली, अन् तुमी ते ओझं वाहत राहिले. मले दिसत होतं. तरीबी नाई सांगतलं."

चूल विझत आली होती. बाबांनी बसल्या जागेवरून लाकूड आत सारलं. मग त्यांनीही आपलं सांगितलं. चोरून ऐकायचा त्यांचा इरादा नव्हता. पहिल्या दिवशी सांगणारच होते, पण तिला डाळीशी बोलताना ऐकलं आणि वाटलं, आज नको, उद्या सांगू. "मले भेव वाटलं. तुले सांगतलं तं तू बोलणं बंद करशील." आणि तसंच झालं होतं. आई तेव्हा रडली. बाबा रडले नाहीत, पण त्यांनी पुढचे सगळे चिले स्वतः काढले आणि एकही धड उतरला नाही.

घर सावरलं. आई बाबांशी बोलू लागली, समोर बसून, एकेक शब्द स्वच्छ. मावशीनं पुन्हा ते वाक्य काढलं तेव्हा आई म्हणाली की ताई, मले ठाऊक होतं, आणि मावशी दोन रविवार आलीच नाही. पण एकटीनं बोलणं आईनं पुन्हा कधी केलं नाही. डाळीशी नाही, नळाशी नाही. ओवी तर मी नंतर ऐकलीच नाही. वाईट गेलं तसं काही चांगलंही गेलं, आणि ते माझ्या हातून गेलं असं मला अजून वाटतं. बाबा पुढं खूप जगले. पेटीच्या जागी माझ्या मुलानं दिलेला छोटा प्लेअर आला, त्याच्यात माईक होता, मग फोन आला. शेवटच्या वर्षांत ते फोन टेबलावर ठेवून कानात बटणं घालून माझ्या नातीशी गप्पा मारत, आणि नातीला त्यात काहीच नवल वाटत नसे. तोवर आई नव्हती.

पण मला जे सांगायचं आहे ते त्याच दिवाळीच्या आधीचं. आम्ही तिघं कॅम्प-एकच्या बाजारात गेलो होतो. बाबांच्या खिशाला ती जुनी पेटी होती, उघडपणे, आणि मी ट्रंकेतून वॉकमन काढावा असं त्यांनीच सांगितलं होतं. कॅसेटच्या दुकानात मी कॅसेट निवडत होते. दुकानदारानं बाबांच्या कानातली वायर पाहिली. एका वॉकमनवाल्या घरातला माणूस म्हणून त्याला तो दुसरा वॉकमनच वाटला असावा. त्यानं विचारलं, "बाबूजी, आप क्या सुन रहे हैं?"

बाबांनी आईकडे बोट दाखवलं. "इनको."

दुकानदार हसला, आई लाजून दुकानाबाहेर गेली. मी नवी कॅसेट घातली, स्पंज कानांवर ओढले आणि त्यांच्या मागून चालू लागले. बाजारात गर्दी होती, दिव्यांच्या माळा लटकत होत्या, लाह्या-बत्ताशांचे ढीग होते, आणि मला फक्त गाणं ऐकू येत होतं. पुढं आई बाबांना काहीतरी सांगत होती. चालताना, समोर बघत, त्यांच्याकडे न वळता. बरंच लांब काहीतरी होतं. बाबा पेटीवर हात ठेवून ऐकत होते, आणि मग ते थांबले आणि असे हसले की शेजारचा फुलवाला वळून बघायला लागला. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. मी घाईघाईनं स्पंज काढले, पण तोवर आईचं सांगून झालं होतं. मी पळत जाऊन विचारलं, काय म्हणालीस? आई म्हणाली, काही नाही, आणि बाबाही म्हणाले, काही नाही.